सिंगापूरला चौदा तास थांबायचंय, तर पळू का?

पत्र असं आलंय:

"ताई, नमस्कार. मी परभणीची, वय ४८, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तीन वर्षांपासून पळायलेय, दोन हाफ मॅरेथॉन झाल्यात, येत्या जानेवारीत मुंबईची फुल मॅरेथॉन पहिल्यांदाच करणारय. मधेच लेकीचं बाळंतपण आलं, ती मेलबर्नला असते, म्हणून नोव्हेंबरात महिनाभर तिकडं जायलेय. शनिवारी सकाळी देवगिरीनं हैदराबाद, रात्री तिथून सिंगापूर, रविवारी सकाळी सहाला उतरते अन् पुढचं विमान संध्याकाळी पावणेआठला. माझ्या प्लॅनमधी त्याच रविवारी १६ किलोमीटरचा लाँग रन, म्हणजे आठवड्यातलं लांब पळणं, आहे. ह्यांना म्हणलं विमानतळावरच पळते, तर म्हणले, तिथं पोलिसांनी धरून बसवलं तर मी परभणीत बसून काय करू? येताना बी सिंगापूरलाच थांबायचंय पण दोन तास चाळीसच मिनिटं. पळावं का नाही, पळावं तर कुठं, आंघोळीचं काय, बॅगेचं काय, अन् या वयात लोक काय म्हणतील ते वेगळंच. नीट सांगा."

ताई, आधी उत्तर सांगून टाकते म्हणजे जीव टांगणीला राहायला नको. पळा. मोकळ्या हवेत पळा, त्या विमानतळाला लागूनच पळायची वाट आहे. पण सोळा किलोमीटर नाही. पन्नास मिनिटं, घड्याळ बघून, अन् तीही अशी की शेजारी मैत्रीण असती तर तिच्याशी गप्पा मारत पळता आलं असतं. सोळाचं काय करायचं ते पुढं सांगते, ते कुठं जात नाहीत.

सोळा का नको म्हणते ते तुमच्याच प्रवासावरून बघा. शनिवारी देवगिरी धरायची म्हणजे तुम्ही चारलाच उठणार, भाकरी बांधणार, घर आवरून ह्यांना शंभर सूचना देणार. मग सहासात तास रेल्वे, मग सिकंदराबादहून शमशाबाद, ते विमानतळ शहराच्या बाहेर लांब आहे, तिथं तीन तास आधी पोचायचं, रांगा, तपासणी, अन् रात्री अकराच्या आसपास विमान. साडेचार तासाचं उड्डाण, त्यात जेवण येतं, दिवे लागतात, बाजूचं लेकरू रडतं, झोप झालीच तर दोन-अडीच तास. अन् सिंगापूरचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढं, म्हणजे तिथं सकाळचे सहा वाजलेत तेव्हा परभणीत पहाटेचे साडेतीन. जवळजवळ चोवीस तास जाग्या असलेल्या बाईनं दोन तास पळायचं ठरवलं तर पाय कदाचित ऐकतीलही, पण त्याची भरपाई पुढचे पाचसहा दिवस करावी लागती, अन् ते पाचसहा दिवस तर लेकीला तुमची गरज आहे.

दुसरं कारण हवा. हे मी जरा सविस्तर सांगते कारण मराठवाड्यातल्या माणसाला हे सांगून पटत नाही, अंगावर आल्यावरच पटतं. नोव्हेंबरात परभणीची पहाट म्हणजे अंगात स्वेटर, कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर धुकं, अन् हवा एवढी कोरडी की घाम आलेला कळतबी नाही, आला की वाळला. घाम वाळतो तेव्हाच अंग थंड होतं, नुसता घाम येऊन काही होत नाही. सिंगापूर जवळजवळ विषुववृत्तावर आहे, तिथं वर्षभर सकाळीसुद्धा पंचवीसच्या आसपास तापमान अन् हवेत इतकी ओल की घाम वाळायला जागाच नसते, तो नुसता गळत राहतो, अंग आतून तापत जातं, अन् त्याच पेसला, म्हणजे एका किलोमीटरला तेवढीच मिनिटं घेऊनही, नाडी दहा-पंधरा ठोक्यांनी वर जाते. तुम्ही परभणीत साडेसातच्या पेसनं पळत असाल तर तिथं सव्वाआठ-साडेआठ धरून चला अन् त्याचं वाईट वाटून घेऊ नका. खरं तर पेसकडं बघूच नका. पूर्ण वाक्य न थांबता बोलता येतंय का एवढंच बघायचं, मनातल्या मनात पाढे म्हणायच्या ऐवजी तोंडानं म्हणा, तुम्ही शिक्षिका आहात, एकोणतीसचा पाढा म्हणताना धाप लागली की चाला.

मग पळायचंच कशाला, असं तुम्ही विचाराल. त्याचं उत्तर असं की तुमच्यापुढं अजून साडेसात तासाचं विमान आहे, अन् मागं सगळा दिवस बसून गेलेला. जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ मध्ये लांबच्या प्रवासावरचा एक अभ्यास मांडला होता, त्यात चार तासांपेक्षा जास्त वेळ एका जागी बसून प्रवास केला की पायाच्या शिरांमधी रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो असं निघालं. घाबरायचं नाही, मुळात हा धोका लहान आहे, सहा हजारात एखाद्याला, पण दोन लांब उड्डाणांच्या मधी पोटऱ्या चांगल्या चालत्या झाल्या तर त्याच्यासारखं औषध नाही. अन् एक योगायोग बघा, तुम्ही तिथं आठला पळायला लागलात तर परभणीत साडेपाच वाजलेले असतात, म्हणजे तुमची रोजचीच वेळ. अंगाला ते ओळखीचं वाटतं.

इथं एक गोष्ट फार कळकळीनं सांगते. विमानातून उतरल्यावर एका पायाची पोटरी दुसरीपेक्षा जास्त सुजलेली, गरम, दाबलं की दुखणारी वाटली तर पळायचं नाही, चोळायचंबी नाही, सरळ विमानतळावरच्या दवाखान्यात जायचं. दोन्ही पाय सारखे सुजले असतील तर ते बसून बसून होतं, चाललं की उतरतं. अन् पाळीच्या त्रासासाठी हार्मोनच्या गोळ्या चालू असतील, किंवा घरात कुणाला अशी गुठळी झालेली असेल, तर निघायच्या आधी परभणीतच तुमच्या डॉक्टरांना विचारा. आपल्या बाया हे सांगायला लाजतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

आता जागा. सिंगापूरच्या चांगी विमानतळाच्या टर्मिनल दोनपासून एक सायकल अन् पळण्याची वाट निघते, तिला चांगी एअरपोर्ट कनेक्टर म्हणतात, २०२० साली सुरू झाली. साडेतीन किलोमीटरची आहे अन् पुढं समुद्राकाठच्या ईस्ट कोस्ट पार्कला जाऊन मिळते. तिच्यातल्या एक किलोमीटरच्या तुकड्यावर वाटेच्या कडेनं डायनासोरचे पुतळे उभे केलेत, खऱ्या आकाराचे, तिथल्या लेकरांची गर्दी असते रविवारी. वाट सपाट आहे, कुठं चढ नाही, गाड्या मधी येत नाहीत, फक्त सायकलवाल्यांसाठी डावी बाजू धरून पळा, आपल्यासारखंच तिथंबी डावीकडून चालतात. टर्मिनल दोनजवळ या वाटेच्या तोंडाशी हब अँड स्पोक नावाची जागा आहे, तिथं पैसे देऊन आंघोळ करता येते, सायकली भाड्यानं मिळतात, खायला मिळतं. म्हणजे तुमचे निम्मे प्रश्न तिथंच सुटले.

पंचवीस मिनिटं जायचं, पंचवीस मिनिटं यायचं. तुमच्या तिथल्या पेसनं पंचवीस मिनिटात तीन किलोमीटरच होतील, समुद्र जेमतेम दिसायच्या आधीच वळायची वेळ येईल अन् मनात येईल की एवढं आलोय तर जाऊन बघू. नका जाऊ. बघायचाच असेल तर परत या, आंघोळ करा, खा, अन् मग टॅक्सीनं जाऊन निवांत बाकड्यावर बसा, वेळ भरपूर आहे तुमच्याकडं.

बाहेर पडायचं तर कागद लागतात, ते आधी नीट करा. भारतीय पासपोर्टवाल्याला सिंगापूरचा व्हिसा लागतो, पण ऑस्ट्रेलिया, अमेरिका, ब्रिटन अशा काही ठरावीक देशांचा चालू व्हिसा असला अन् पुढचं पक्कं तिकीट असलं तर तिकडं जाता-येता ९६ तासांपर्यंत व्हिसाशिवाय सिंगापुरात येऊ देतात. तुमच्याकडं ऑस्ट्रेलियाचा व्हिसा असणारच. तरी शेवटचा शब्द तिथल्या इमिग्रेशन अधिकाऱ्याचा असतो, म्हणून व्हिसाचा अन् पुढच्या तिकिटाचा छापील कागद हातात ठेवा. शिवाय एसजी अरायव्हल कार्ड म्हणून एक ऑनलाइन फॉर्म आहे, तो पोचायच्या तीन दिवसांच्या आत भरायचा, तो फुकट असतो, कुणी वेबसाइट पैसे मागायला लागली तर ती सरकारी नाही असं समजा. अन् अधिकाऱ्यानं नाही म्हणलं तर वाद घालायचा नाही, आत टर्मिनलमधीच राहायचं, त्याचंबी पुढं सांगते.

मी स्वतः एकदा काय केलं ते सांगते, म्हणजे मी एवढं मागं का लागलेय ते कळेल. २०१७ साली एका मोठ्या विमानतळावर मला साडेपाच तास मिळाले होते, नाव नाही घेत, अन् त्या दिवशी माझ्या प्लॅनमधी १२ किलोमीटर होते. बाहेर पळायची वाट वगैरे काही नव्हती, मी नकाशात बघून सर्व्हिस रोडनं निघाले, फुटपाथ मधीच संपला, मग उड्डाणपूल आला, परत वळायचं सोडून मी म्हणलं बारा पूर्ण करूनच येते. खिशात बोर्डिंग पास होता, साधा कागदाचा. परत आले तेव्हा तो घामानं पार लगदा झालेला, अक्षरं पुसलेली, दारावरचा शिपाई आत सोडेना, काउंटरवर रांग, नवीन पास घेऊन गेटवर पोचले तेव्हा दार लावायलेच होते. विमान मिळालं. पण आंघोळीला वेळच राहिला नाही, ओल्या कपड्यातच बसले, एसीत सहा तास कुडकुडले, उतरल्यावर डाव्या पोटरीत असा गोळा आला की दोन दिवस जिना उतरता येईना. बारा किलोमीटर वहीत लिहिले मी त्या दिवशी, अन् पुढचे नऊ दिवस कोरे. तेव्हापासून माझा नियम आहे की चार तासांपेक्षा कमी वेळ असेल तर विमानतळाच्या बाहेर पाय ठेवायचा नाही, सहाच्या आत असेल तर वाट दारातून निघत असेल तरच, अन् सहाच्या पुढं असेल तर जा, पण वेळ उलटी मोजून.

उलटी म्हणजे अशी. पावणेआठचं विमान, म्हणजे सव्वासहाला गेटजवळ असायचं, चांगीच्या बऱ्याच गेटांवर सामानाची तपासणी गेटच्या तोंडाशीच होते म्हणून शेवटच्या घटकेला जाऊन चालत नाही. म्हणजे पाचला इमिग्रेशन पार झालेलं हवं. म्हणजे चारला बाहेरची भटकंती संपली पाहिजे. आता पुढून या: सहाला उतरलात, घाई करू नका, तोंड धुवा, दात घासा, पोट साफ होऊ द्या, अर्धा तास नुसतं चाला म्हणजे पायाची सूज उतरेल अन् बूट नीट बसतील. तिथं सूर्य सातच्या सुमाराला उगवतो, तोवर इमिग्रेशन होईल. मोठ्या बॅगा हैदराबादलाच थेट मेलबर्नपर्यंत टॅग करून घ्या, बुकिंग एकच असलं की करून देतात, तरी काउंटरवर तोंडानं विचारून पावतीवर मेलबर्न लिहिलंय का बघा. हातातली बॅग टर्मिनलमधल्या सामान ठेवायच्या काउंटरवर पैसे देऊन ठेवता येते. आठला पळायला लागा, नऊला परत, साडेनऊला आंघोळ होऊन पोटात काहीतरी गरम. मग झोप काढा. ही झोप पळण्याएवढीच महत्त्वाची आहे.

पासपोर्ट अन् फोन मात्र बॅगेत ठेवायचे नाहीत, अंगावरच. कमरेला बांधायची चपटी पिशवी मिळते पळणाऱ्यांची, त्यात पासपोर्ट आधी झिपवाल्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून मग ठेवा, माझ्या त्या लगद्याची आठवण ठेवा. बोर्डिंग पासचा फोटो फोनमधी, लेकीच्या फोनवर अन् ह्यांच्या फोनवर. निघताना दोघांना मेसेज टाका की मी आत्ता पळायला निघालेय, तासाभरात परत मेसेज करते.

हातातल्या बॅगेत काय ठेवायचं ते बघू. बूट बॅगेत कोंबू नका, पायातच घालून प्रवास करा, फक्त विमानात लेस सैल करा. पळायचे कपडे अन् नंतर घालायचे कपडे वेगवेगळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत, तिसरी पिशवी रिकामी, ओल्या कपड्यांसाठी. पंचा घ्या, टॉवेल नको, पंचा लवकर वाळतो. व्हॅसलीनची छोटी डबी, काखेत, मांड्यांना अन् आतल्या कपड्याच्या शिवणीखाली लावा, त्या ओल्या हवेत वीस मिनिटांत कातडी सोलवटते अन् मग पुढच्या विमानात बसवत नाही. विमानात हातातल्या सामानात १०० मिलीपेक्षा मोठी पातळ वस्तूची बाटली चालत नाही, जेलसुद्धा त्यातच धरतात, म्हणून पाण्याची बाटली रिकामी न्या अन् आत गेल्यावर भरा. सिंगापुरात नळाचं पाणी सरळ पिता येतं. ओआरएसची दोन पाकिटं ठेवा, कोरडी असतात, कुणी अडवत नाही, एक पाकीट एका लिटरमधीच घालायचं, चव आवडत नाही म्हणून अर्ध्या बाटलीत घट्ट करायचं नाही, त्यानं उलट पोट बिघडतं. विमानाच्या आतली हवा फार कोरडी असते, आर्द्रता वीस टक्क्यांच्याबी खाली, म्हणजे तुम्ही उतरता तेव्हाच थोड्या सुकलेल्या असता. उतरल्यावर अर्धा लिटर हळूहळू पिऊन मगच निघा.

खायचं म्हणाल तर धपाटे. आपल्या धपाट्यासारखं प्रवासाचं खाणं नाही, दोन दिवस टिकतो, ज्वारी असते, मीठ-तिखट असतं. पळायच्या आधी अर्धा धपाटा, केळं मिळालं तर केळं, अन् आंघोळीनंतर उरलेले दीड. दही तेवढं सोबत नेता येणार नाही. अन् लेकीसाठी डिंकाचे लाडू, अळीव नेणारच असाल, तर ऑस्ट्रेलियात उतरताना जो फॉर्म देतात त्यावर खाण्याच्या वस्तू आहेत का असं विचारलेलं असतं, तिथं सरळ हो लिहा अन् डबा दाखवा. काय न्यायला चालतं ते त्यांच्या सरकारी साइटवर आधी बघून ठेवा. लपवलं तर मोठा दंड करतात, दाखवलं तर फार तर एखादी वस्तू काढून घेतात.

पाऊस. नोव्हेंबरात तिथं पावसाळी हवा सुरू होते, दुपारनंतर विजा फार पडतात, म्हणूनबी सकाळचीच वेळ धरायची. थोडा पाऊस असला तर भिजा, काही होत नाही, आंघोळ करायचीच आहे. वीज चमकली की मात्र झाडाखाली उभं राहू नका, टर्मिनलकडं वळा.

ह्यांच्या पोलिसांचं. ह्यांची काळजी खोटी नाही. टर्मिनलच्या आत खरंच पळू नका. पोलीस धरतील म्हणून तेवढं नाही, तर तिथं पळणारा माणूस दिसला की सगळ्यांच्या छातीत धस्स होतं, कुणाचं तरी लेकरू हरवलं का, काही झालं का, अन् गुळगुळीत फरशीवर कुणाच्या ट्रॉलीला धडकलात तर तुम्हीच पडाल. आत भरभर चालायचं, हात हलवत, सरकत्या पट्ट्यावर न चढता. बाहेरच्या त्या वाटेवर मात्र सगळेच पळत असतात, तिथं तुम्हाला कुणी वळूनसुद्धा बघणार नाही. ह्यांना ती वाट नकाशात उघडून दाखवा, बोटानं दाखवा इथून निघणार, इथून वळणार. माणसाला जागा दिसली की काळजी निम्मी होते.

अन् या वयात लोक काय म्हणतील. ताई, मी संभाजीनगरला गोगाबाबा टेकडीवर पळायला सुरुवात केली तेव्हा ४४ वर्षांची होते, पंजाबी ड्रेसवर पळायचे, ओढणी कमरेला बांधून, कारण ट्रॅक पँट घालून घराबाहेर पडायची हिंमत नव्हती. सहा महिने अंधारातच जायचे अन् उजाडायच्या आत परत. आता त्याच टेकडीवर सुना अन् सासवा बरोबर येतात. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे हांगझोच्या आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीचं, सोनं घेऊन आला, तेव्हापासून तर आपल्या भागात पळणं म्हणलं की लोक नावानं बोलायला लागलेत, आधी फक्त "भरतीची तयारी करायलेत का" एवढंच विचारायचे. तुम्ही परभणीत तीन वर्षं पळताय म्हणजे अवघड भाग तुम्ही केव्हाच पार केलाय. सिंगापूरच्या विमानतळावर तुम्हाला ओळखणारं कोण आहे?

आता ते सोळा. गुरुवारी पहाटे परभणीतच मारा, विद्यापीठाच्या रस्त्यावर, ओळखीच्या हवेत. शाळेला उशीर होत असेल तर साडेचारला निघा अन् सोबत कुणीतरी घ्या. शुक्रवार पूर्ण आराम, बॅगा भरणं हाच व्यायाम. शनिवारी प्रवास, पळायचं नाही, देवगिरीत दर तासाला उठून डब्यात फेरी मारा. रविवारी सिंगापूरची पन्नास मिनिटं. सोमवारी सकाळी मेलबर्नला पोचाल, त्या दिवशी फक्त चालायचं. पळण्याची ताकद दोनचार दिवसांत उतरत नाही, दहा-बारा दिवस काहीच केलं नाही तर मग थोडी घसरायला लागते, तेव्हा एखादा लाँग रन चुकला म्हणून जानेवारी हातातून जात नाही.

मेलबर्नचं एक सांगायचं राहिलं. तिथलं घड्याळ नोव्हेंबरात आपल्या साडेपाच तास पुढं असतं. तुमची सवय पहाटे पाचला उठायची, पण तिथले पहाटेचे पाच म्हणजे परभणीतले रात्रीचे साडेअकरा, अंगाच्या हिशेबानं तुम्ही आत्ता कुठं झोपलाय. पहिले दोनतीन दिवस पहाटे उठून उजेडात पळायला गेलात तर अंगाचं घड्याळ उलट दिशेला सरकतं अन् जेटलॅग लांबतो. सकाळी दहानंतर बाहेर पडा, ऊन अंगावर घ्या, तेव्हा हलकं पळा, टोपी अन् सनस्क्रीन लावून, कारण तिकडं तेव्हा उन्हाळा लागत असतो अन् ऊन फार कडक. मग रोज तासभर अलीकडं या, चारपाच दिवसात सवयीच्या वेळेवर याल. लेकीच्या घरापासून जमण्यासारखं असेल तर तिथल्या बोटॅनिक गार्डनच्या भोवती द टॅन नावाची पळायची वाट आहे, एक फेरी ३.८ किलोमीटरची, थोडा चढ आहे, पुढच्या रविवारचे अठरा तिथं पाच फेऱ्यांत होतात. पण हे सगळं बाळाच्या वेळेवर. बाळंतिणीला रात्री जागावं लागलं अन् तुम्ही तिच्यासोबत जागलात, तर दुसऱ्या दिवशीचा रन सोडून द्या, बिनधास्त.

परतीच्या दोन तास चाळीस मिनिटांत बाहेर पडायचं नाही, इमिग्रेशनकडं बघायचंसुद्धा नाही. उतरलात की आधी पुढचं गेट कुठलं ते बोर्डवर बघा, मग अर्धा-पाऊण तास भरभर चाला. चांगीत आतच बागा आहेत, टर्मिनल तीनमधी फुलपाखरांची आहे, दोनमधी सूर्यफुलांची, तिथपर्यंत जाऊन या. कुठं भिंतीला हात लावून टाचा वर-खाली वीस-वीस वेळा तीनदा करा, जिना दिसला तर चढा. पाऊण तास चालणं झालं की तुमच्या वहीत तो दिवस भरला असं समजा.

आपल्याकडची बरीच पोरं आखातात जातात-येतात, त्यांच्यासाठी एवढंच, दोह्याच्या हमद विमानतळावर आतच पैसे देऊन जिम अन् पंचवीस मीटरचा पोहायचा तलाव आहे, ट्रेडमिल मिळते, बाहेरच्या उन्हात जायची गरज नाही. दुबईला उन्हाळ्यात बाहेर पळायचा विचारच करू नका, तिथलं टर्मिनलच एवढं लांब आहे की नुसतं चाललात तरी पाय भरून येतील.

हां, अन् ताई, बुटांचं. पळून आल्यावर तुमचे बूट घामानं ओले चिंब झालेले असणार अन् पुढचं साडेसात तासाचं विमान आहे. हैदराबादच्या विमानात वर्तमानपत्र मिळालं तर जपून ठेवा, नाही तर परभणीहूनच दोन घेऊन निघा. आतलं सोल बाहेर काढायचं, बुटात कागदाचे बोळे कोंबायचे, अर्ध्या तासानं बदलायचे. तोवर पायात रबरी चप्पल. तुम्ही झोपून उठेपर्यंत बूट घालण्यासारखे होतात.